वाचकांचे प्रश्न : तेराशे अडुसष्ट बारशी

प्रश्न : ताई, मी चिपळूणचा. बत्तीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झालो. आमच्या शाळेत मुलांचा हस्तलिखित अंक निघत असे. १९६१ ते १९८९ मधले २४ अंक शाळेच्या कपाटात आहेत. जुलै २०२१ च्या पुरात हे कपाट वरच्या मजल्यावर होते म्हणून वाचले. तेव्हापासून मनाने घेतले होते की या अंकांचे फोटो काढून ठेवायचे. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत नववीतल्या दोन मुलांनी आपापल्या मोबाइलवर पान न् पान टिपले. एकूण १३६८ फोटो एकाच फोल्डरमध्ये आले आहेत. काहींच्या नावात आधी ‘आयएमजी’ आणि मग तारीख-वेळ आहे, काहींच्या नावात नुसतीच तारीख-वेळ, आणि दोनशेच्या वर फोटो व्हॉट्सॲपवरून आलेले आहेत. १९७४ च्या अंकाचे सातवे पान शोधायचे तर अर्धा तास जातो. मुलगा म्हणतो, एक छोटी स्क्रिप्ट (संगणकाला द्यायच्या आज्ञांची यादी) लिहिली की पाच मिनिटांत सगळी नावे बदलतील. तो बंगळुरूला असतो आणि त्याची ती पाच मिनिटे गेल्या गणपतीपासून आलेली नाहीत. मला प्रोग्रॅमिंगचा गंध नाही. एक्सेल येते, कारण शेवटची दहा वर्षे शाळेची निकालपत्रके मीच करत असे. संगणक विंडोजचा आहे.
– एक निवृत्त शिक्षक, चिपळूण

उत्तर : सर, मुलाची वाट बघू नका. निकालपत्रके करत होतात ना, मग तुमचे निम्मे काम झालेले आहे. साठ मुलांचे सात विषयांचे गुण आडवे-उभे जुळवणाऱ्याला हे काम म्हणजे डाव्या हाताचा मळ.

या सदरात रोमन अक्षरे छापत नाहीत. म्हणून संगणकाच्या आज्ञा मी फोनवर मावशीला सांगते तशा, उच्चाराने लिहिते. तुम्ही मोठ्याने वाचा आणि हाताने इंग्रजी कळफलकावर टाइप करा. आकडेसुद्धा इंग्रजीच. मराठी कळफलकावरचा ७ आणि इंग्रजी ७ ही संगणकाच्या लेखी दोन वेगळी अक्षरे आहेत.

आता मुद्द्याचे. हे १३६८ फोटोंचे बारसे आहे, आणि बारशाला पाळण्याआधी नाव ठरलेले लागते. स्क्रिप्टचे काम फक्त कानात कुर्र करण्याचे. नाव कोणते, ते तिला कळत नाही. तिला फोटोतले पान दिसत नाही, मुखपृष्ठ दिसत नाही, एकाच पानाचे दोन फोटो निघालेत हेही दिसत नाही. तुमच्या मुलाने स्क्रिप्ट लिहिली असती तर काय झाले असते, ते मी पैजेवर सांगते. त्याने नावातली तारीख आणि वेळ उचलून सगळे फोटो वेळेच्या क्रमाने लावले असते आणि १ ते १३६८ आकडे दिले असते. दिसायला चोख. पण तुमची दोन मुले एकाच वेळी दोन वेगळ्या अंकांचे फोटो काढत होती ना? १९६८ चे पान, मग १९७४ चे, मग परत १९६८ चे, असे दोन्ही अंक पत्त्यांसारखे पिसले गेले असते.

म्हणून मोबाइल वेगळे ठेवा. दोन फोल्डर करा, ‘आयएमजी’वाले एका ठिकाणी, नुसत्या आकड्यांचे दुसऱ्या ठिकाणी. प्रत्येक मोबाइलच्या फोटोंच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग तास-मिनिट-सेकंद असे आहे आणि प्रत्येकाला ठरावीक घरे आहेत. त्यामुळे नुसते नावाप्रमाणे लावले तरी आपोआप वेळेचा क्रम मिळतो. आपण मराठी माणसे तारीख दिवसापासून लिहितो. फाइलच्या नावात तसे केले की पंधरा ऑगस्ट आणि पंधरा जानेवारी शेजारी येऊन बसतात. फाइलपुरती ही सवय उलटी करायची. ‘क्रिएटेड’ या तारखेवर मात्र विसंबू नका. विंडोजमध्ये फाइलची नक्कल केली की ती तारीख नकलेच्या दिवसाची होते.

व्हॉट्सॲपच्या फोटोंचे काय करायचे, ते आत्ताच सांगून मोकळी होते. त्यांच्या नावातली तारीख फोटो काढल्याची नसते, पाठवल्या-मिळाल्याची असते. शिवाय व्हॉट्सॲप फोटो लहान करते आणि फोटोच्या पोटात लिहिलेली मूळ वेळही पुसते. १९७४ सालच्या पोरांनी पेन्सिलीने काढलेली चित्रे त्यात धूसर होतात. मुलांच्या मोबाइलमध्ये मूळ फोटो असतील तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, तसे पाठवले की आहे तसे येतात. नसतील तर ती पाने परत काढा. दोनशे पाने म्हणजे एका दुपारचे काम. आणि या वेळी प्रत्येक अंकाच्या आधी एका कागदावर स्केचपेनने ‘१९७४’ असे लिहून त्या चिठ्ठीचाच एक फोटो घ्यायला लावा. पुढचा सगळा शोध वाचतो.

आता नाव. मी सुचवते ते असे : एच, १९७४, मधली आडवी रेघ, पी, ००७, डॉट जेपीजी. एच म्हणजे हस्तलिखित, पी म्हणजे पान. मुखपृष्ठाला ०००. मागून एखादे पान मध्येच सापडले तर ०१२ च्या पुढचे ०१२ए. साताआधी दोन शून्ये कशाला? कारण संगणक पुष्कळदा नावे शब्दकोशासारखी लावतो, अक्षराला अक्षर ताडून. त्याच्या हिशेबाने १ नंतर १०, मग १००, मग २ येतो. विंडोजची फोल्डरची खिडकी आकडे ओळखते, पण तुम्ही हे फोटो कुणा मुद्रकाला किंवा पीडीएफ करणाऱ्या प्रोग्रॅमला दिलेत की तो ओळखेलच असे नाही. तीन घरे भरलेली असली की कुणाचेच घोडे अडत नाही. पोथीची सुटी पाने आठवा. शिवण नसते, म्हणून प्रत्येक पानाच्या समासात क्रमांक घालत आणि पुष्कळदा ग्रंथाचे नावही थोडक्यात लिहीत. पान वाऱ्याने उडाले तरी ते कुठले, हे त्या पानालाच सांगता यायचे. तुमच्या फोटोलाही तेवढे आले पाहिजे.

नावात लेखाचे शीर्षक घालायचा मोह होईल. घालू नका. ‘पाऊस : एक आठवण’ हे नाव विंडोज घेणारच नाही, विसर्गचिन्हासारखे ते दोन ठिपके त्याला चालत नाहीत. प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, तिरप्या रेघा, तारका, तेही नाही. मी १९९६ मध्ये सांगलीत एका छापखान्यात अक्षरजुळणीला बसले तेव्हा आमच्या मशिनवर फाइलच्या नावाला आठ अक्षरे मिळत, आणि पुढे डॉट देऊन तीन. दिवाळी अंकाचे दीडशे लेख त्या आठ अक्षरांत कोंबायचे. शेवटी मालकांनी एक वही केली. नाव आखूड ठेवायचे आणि वहीत त्याच्यासमोर लेखक, शीर्षक, पाने लिहायची. पुढे लांब नावांची सोय झाली आणि आमच्याकडे ती वही बंद पडली. त्यानंतर तिथे ‘फायनल’ आणि ‘खरे फायनल’ या नावांचे जे पीक आले त्याबद्दल न बोललेले बरे.

तुमची एक्सेलची यादी म्हणजे तीच वही. ती अशी करायची.

फोटोंच्या फोल्डरची आधी पूर्ण नक्कल काढा आणि यापुढे सगळे उद्योग नकलेवर करा. मूळ फोल्डरला हात लावायचा नाही. नकलेतला एका मोबाइलचा फोल्डर उघडा (दुसऱ्या मोबाइलच्या फोल्डरलाही पुढे हेच करायचे). वर जिथे फोल्डरचा पत्ता दिसतो तिथे क्लिक करून सी-एम-डी ही तीन अक्षरे लिहा, एंटर दाबा. काळी खिडकी उघडेल. घाबरू नका. तिच्यात लिहा : डी-आय-आर, मोकळी जागा, तिरपी रेघ (प्रश्नचिन्हाच्या कळीवरची) आणि तिला चिकटून बी, मोकळी जागा, मोठेपणाचे चिन्ह, मोकळी जागा, यादी डॉट टीएक्सटी. एंटर. सगळ्या फाइलींची नावे यादी या फाइलीत उतरतील. त्यात स्वतः यादीचेही नाव येते, कारण संगणक आधी कोरी फाइल मांडतो आणि मग मोजायला बसतो. घरातली माणसे मोजताना स्वतःला विसरणाऱ्यापेक्षा बरा. ती ओळ खोडून टाका.

ही नावे एक्सेलच्या ए स्तंभात चिकटवा, दुसऱ्या ओळीपासून. पहिली ओळ मथळ्यांना. बी स्तंभात अंकाचे वर्ष, सी मध्ये पान क्रमांक. हे दोन स्तंभ तुम्हालाच भरायचे आहेत आणि खरे काम एवढेच आहे. शेजारी फोल्डर मोठ्या चित्रांत उघडा. मुखपृष्ठ दिसले की नवा अंक सुरू. वर्ष खाली ओढा, क्रमांक खाली ओढा. जिथे मुलाने हात हलला म्हणून त्याच पानाचा दुसरा फोटो घेतला आहे तिथे धूसर फोटोच्या ओळीत सी रिकामा ठेवा. एका अंकाला सरासरी सत्तावन्न फोटो पडतात. रोज संध्याकाळी एक अंक धरलात तर महिन्याच्या आत होईल, आणि माझा अंदाज आहे की तुम्ही वाचत बसल्यामुळे होणार नाही.

डी स्तंभात नवे नाव, हे एक्सेल बनवते. डी२ मध्ये लिहा : बरोबरचे चिन्ह, दुहेरी अवतरणात एच, अँडचे चिन्ह, बी२, अँडचे चिन्ह, दुहेरी अवतरणात आडवी रेघ आणि पी, अँडचे चिन्ह, ‘टेक्स्ट’ आणि त्याच्या कंसात सी२, स्वल्पविराम, दुहेरी अवतरणात तीन शून्ये, कंस बंद, अँडचे चिन्ह, दुहेरी अवतरणात डॉट जेपीजी. हे शेवटचे शेपूट विसरू नका. विंडोज ते एरवी लपवून ठेवते, त्यामुळे लोकांना वाटते ते नावाचा भाग नाही. ते गळले की डबल क्लिकवर फोटो उघडत नाही आणि घाबरे होऊन फोन येतो. एखाद्या मोबाइलचे शेपूट वेगळे असेल, जेपीईजी किंवा एचईआयसी, तर तेच ठेवा. शेपूट बदलल्याने फोटोचा प्रकार बदलत नाही.

ई स्तंभात आज्ञा. बरोबरचे चिन्ह, दुहेरी अवतरणात आर-ई-एन (रेन, म्हणजे नाव बदल) आणि त्याच अवतरणात शेवटी एक मोकळी जागा, अँडचे चिन्ह, ए२, अँडचे चिन्ह, दुहेरी अवतरणात नुसती मोकळी जागा, अँडचे चिन्ह, डी२. एफ स्तंभात हीच आज्ञा, फक्त ए२ आणि डी२ यांची अदलाबदल. ई म्हणजे जाण्याचे तिकीट, एफ परतीचे. दोन्ही खालपर्यंत ओढा. जी स्तंभ मोकळा राहू द्या, त्याच्याकडे शेवटी येते.

एखाद्या जुन्या नावाच्या मध्ये मोकळी जागा असेल (नकलेच्या पुढे कंसात १ येतो, त्याच्या आधी ती असते) तर रेन गोंधळते. अशा फाइली बहुधा दुसऱ्यांदा उतरलेल्या जुळ्या असतात. बघून काढून टाका आणि त्यांच्या ओळीही खोडा.

आता डी स्तंभ निवडून एक्सेलला दुबार नावे रंगवायला सांगा. कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये ती सोय आहे. सी रिकामा ठेवलेल्या ओळींना ००० मिळून त्या मुखपृष्ठाशी भांडताना दिसतील. त्या ओळी गाळा. बाकी कुठे लाल दिसले तर तुमच्या हातून एकच पान क्रमांक दोनदा पडला आहे. इथे सापडलेली चूक फुकट असते.

ही पायरी गाळली तर काय होते, ते मी भोगले आहे. माझा स्वतःचा लॅपटॉप विंडोजचा नाही, लिनक्स नावाच्या दुसऱ्या प्रणालीचा. सहा वर्षांपूर्वी भाच्याच्या मुंजीचे फोटो तीन नातेवाइकांकडून गोळा केले, सहाशे चाळीस. मोठ्या तोऱ्यात आठ ओळींची स्क्रिप्ट लिहिली. नाव म्हणजे तारीख, तास आणि मिनिट. सेकंद घातले नाहीत, नाव सुटसुटीत दिसावे म्हणून! लिनक्समध्ये नवे नाव आधीच कुणाचे असेल तर नाव बदलण्याची साधी आज्ञा तक्रार करत नाही. जुन्या फाइलीच्या जागी नवी बसवते आणि पुढे जाते. एका मिनिटात काढलेल्या फोटोंतला शेवटचा तेवढा उरला. सहाशे चाळीसचे दोनशे बारा झाले, तेही सेकंदाच्या आत, आणि पडद्यावर एक अक्षर उमटले नाही. आंधळे दळत होते आणि कुत्रेही मीच होते. एका मामेभावाच्या कार्डावर त्याचे मूळ फोटो होते, बाकी दोघांनी कार्डे पुसली होती. मातृभोजनाच्या वेळी तर सगळेच एकदम तुटून पडतात. त्याचा एकच फोटो उरला, आणि त्यात वहिनीचे डोळे मिटलेले आहेत. वहिनी अजून तो दाखवते.

तुमच्या विंडोजचे रेन त्या मानाने सज्जन. नाव आधीच घेतलेले असेल तर ते इंग्रजीत सांगते की अशी फाइल आहे किंवा ही फाइल सापडत नाही, आणि ती ओळ सोडून देते. तरीही भरवसा यादीवर ठेवा.

ई स्तंभातल्या पहिल्या पाचच आज्ञा नोटपॅडमध्ये चिकटवा. शेवटच्या ओळीत ‘पॉज’ लिहा, म्हणजे काळी खिडकी वाचायला थांबेल. त्याच फोल्डरमध्ये बदल डॉट बीएटी या नावाने ठेवा. ठेवताना प्रकारात ‘ऑल फाइल्स’ निवडा, नाहीतर नोटपॅड मागे टीएक्सटीचे शेपूट लावते आणि काही केल्या चालत नाही. एफ स्तंभाच्या पाच ओळींची उलट डॉट बीएटीही आधीच करून ठेवा. बदलवर डबल क्लिक करा, पाच फोटो उघडून बघा. मग उलट चालवा, जुनी नावे परत आली का बघा. दोन्ही बाजूंनी गाडी नीट धावली की सगळ्या ओळी घाला.

झाली तुमची स्क्रिप्ट. तेराशे ओळींची. मुलगा हसेल, म्हणेल हे सात ओळींत होते. त्याला म्हणावे, तुझ्या सात ओळी वाचून १९७४ चे सातवे पान कुठले ते सांग.

आणि तो जी स्तंभ. पान क्रमांक भरताना तुम्ही प्रत्येक पान बघणारच आहात. तर जाताजाता कवितेचे नाव, मुलाचे नाव, इयत्ता, तिथे मराठीत लिहीत जा. ती पोरे आता साठीच्या आसपासची असतील. कुणी एकाने फोन करून ‘सर, माझी बोटीवरची कविता होती’ म्हटले की कंट्रोल आणि एफ दाबायचे. फोटोंची एक प्रत यादीसकट चिपळूणच्या बाहेरही ठेवा, बंगळुरू त्या कामाला उत्तम.

प्रश्न : वकिलांच्या ऑफिसात काम करते. ९६ पानांचा दस्त, ४८ कागद, दोन्ही बाजूंना मजकूर. आमचा स्कॅनर एकच बाजू घेतो. म्हणून आधी सगळ्या पुढच्या बाजू घेतल्या, मग गठ्ठा तसाच पालथा घालून मागच्या. आता ००१ ते ०९६ अशा फाइली आहेत, पण पाने उलटसुलट. हाताने नावे बदलायला गेले तर दुसऱ्याच फाइलीला अडले.
– अकोला

उत्तर : पहिल्या ४८ फाइली म्हणजे पाने १, ३, ५ अशी ९५ पर्यंत. गठ्ठा पालथा घातल्यामुळे मागच्या बाजू शेवटून आल्या. म्हणजे ०४९ ही फाइल पान ९६, ०५० ही पान ९४, आणि ०९६ ही पान २. हिशेब सोपा आहे. फाइलचा आकडा ४८ पर्यंत असेल तर त्याची दुप्पट करून एक वजा करा. पुढचा असेल तर १९४ मधून त्याची दुप्पट वजा करा. ४९ ची दुप्पट ९८, १९४ मधून गेले उरले ९६. एक्सेलमध्ये ‘इफ’ घालून एका ओळीत बसते. पुढची आज्ञा वर सरांना सांगितली तशीच करा.

तुम्ही अडलात ते वेगळ्या कारणाने. ००२ ला ००३ करायचे आहे, पण ००३ नावाची फाइल तिथे बसलेली आहे. तिला उठवायला जावे तर तिला ००५ हवे, तिथेही कुणी आहे. भरलेल्या एसटीत सगळ्यांनी एकदम जागा बदलायची म्हटल्यावर होते तसे. उपाय एकच, सगळ्यांना खाली उतरवायचे. नवी नावे जुन्यांशी जुळणारच नाहीत अशी द्या, पान ००१, पान ००२, रोमनमध्ये आणि मध्ये मोकळी जागा न सोडता. मग कुणी कुणाच्या वाटेत येत नाही. आणि हो, पहिले पान, मधले एखादे आणि शेवटचे कागदाशी ताडून पाहा. गठ्ठा पालथा घालताना दोन कागद चिकटून गेले असले तर पुढचे सगळे एकाने सरकते.

प्रश्न : आजीच्या ओव्या रेकॉर्ड केल्या आहेत, चारशे फाइली, नावे देवनागरीत. काही मोबाइलवर दिली, काही लॅपटॉपवर. आता एका फोल्डरमध्ये ‘वाऱ्यावरची ओवी’ या नावाच्या दोन फाइली दिसताहेत. एकाच नावाच्या दोन फाइली असूच शकत नाहीत ना? शोधायला गेले तर एकच सापडते. मला थोडे पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) येते.
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : हा प्रश्न अस्सल मराठी आहे, म्हणून मला फार आवडला. दोष आपल्या ‘ऱ्य’चा आहे. वाऱ्यातला तो अर्धचंद्रासारखा र हिंदीला लागत नाही. आपल्याला तो दरीच्या दऱ्या आणि सुरीच्या सुऱ्या करताना पदोपदी लागतो. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या संगणकाच्या पद्धतीत, तो दोन वाटांनी लिहिता येतो. एक वाट अशी की ऱ हे स्वतंत्र अक्षर, त्याचा क्रमांक ०९३१, आणि त्याला हलन्त. दुसरी वाट अशी की साधा र, क्रमांक ०९३०, त्याला हलन्त, आणि त्याच्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह, झीरो विड्थ जॉइनर. कुठला कळफलक कुठल्या वाटेने जाईल ते त्याच्या कर्त्यावर अवलंबून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखी. संगणकाला मात्र ती दोन नावे, त्यामुळे त्याने दोन्ही सुखाने शेजारी नांदवली.

‘ॲ’चेही असेच. २००८ मध्ये युनिकोडने त्याला स्वतंत्र क्रमांक दिला. त्याआधीचे लोक आणि काही कळफलक अ लिहून वर चंद्र काढतात. ‘ॲल्बम’ नावाचे दोन फोल्डर सापडले तर दचकू नका.

पायथन येत असेल तर ‘युनिकोडडेटा’मधले नॉर्मलाइझ वापरावे असे कुणीतरी सुचवेल. ते ऱ आणि नुक्ता (खाली टिंब) दिलेला र यांची सांगड घालते, पण जोडचिन्हाच्या वाटेला जात नाही आणि ‘ॲ’च्याही नाही. त्या बदल्या स्वतः सांगाव्या लागतात. पाथलिब (पायथनमधली फाइली हाताळण्याची सोय) घ्या, फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलचे नाव उचला. त्यात रिप्लेस करा : उलटी तिरपी रेघ, यू, ०९३०, परत रेघ, यू, ०९४डी, परत रेघ, यू, २००डी, या तिघांच्या (र, हलन्त, जोडचिन्ह) जागी ०९३१ आणि ०९४डी. अक्षरे डोळ्यांनी बघून टाइप करू नका, क्रमांकानेच लिहा, कारण डोळ्यांना फरक दिसत नाही म्हणून तर हा सगळा खटाटोप. नवे नाव जुन्यापेक्षा वेगळे निघाले तर नुसते प्रिंट करा. पहिल्या फेरीत रीनेमची ओळ लिहूच नका. दुसऱ्या फेरीत ती लिहा, पण तिच्या आधी ‘एक्झिस्ट्स’ने विचारा की हे नाव आधीच कुणाचे आहे का. वाऱ्याच्या बाबतीत उत्तर हो येणार, कारण दोन्ही फाइली आता एकाच नावावर हक्क सांगतील. तिथे स्क्रिप्टला थांबवा.

मग त्या दोन्ही ओव्या ऐका. कदाचित एकच रेकॉर्डिंग दोनदा आले असेल. पण आजीने तीच ओवी वेगळ्या दिवशी वेगळ्या शब्दांनी म्हटली असेल, तर दोन्हींच्या मागे तारीख लावा आणि दोन्ही ठेवा.